षष्ठीच्या कन्या

जबलपुरात तुझं सख्खं कोण, असं कोणी प्रमोदिनीला विचारलं असतं तर तिने नवऱ्याच्या आधी विनताचं नाव घेतलं असतं, आणि नवऱ्यालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. महाराजपुरकडच्या त्या सरकारी प्राथमिक शाळेत या दोघीच मराठी. बाकीचा स्टाफ हिंदी. मुलंही हिंदी, बुंदेली, काही घरी गोंडी बोलणारी. त्यामुळे चारचौघांत गुपित सांगायचं झालं तरी यांना कधी कोपरा शोधावा लागला नाही. सरळ मराठीत बोलायचं, बस. बडे सर, म्हणजे शाळेचे प्रधानपाठक, वर्तमानपत्रातून डोकं वर काढून, रेडिओचं स्टेशन लागल्यासारखं म्हणायचे, "लो, नागपुर लग गया."

प्रमोदिनीचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, पिढ्यान् पिढ्या जबलपुरातल्याच गोरखपुर मोहल्ल्यात राहिलेलं. तिची मराठी जुन्या शालूसारखी, घडी मोडू न देता जपलेली. विनता काटोलकडची, लग्न होऊन इथे आलेली. तिची बोली मोकळीढाकळी. विनताचं घर शाळेच्या अगदी मागच्या कॉलनीत होतं. प्रमोदिनी रोज सकाळी स्कूटर तिच्या फाटकात लावायची, उभ्या उभ्या चहा घ्यायची आणि मग दोघी मिळून शाळेत. प्रमोदिनीकडे दुसरीचा वर्ग, विनताकडे तिसरीचा. दुपारी डबा एकत्र. एकीच्या घरची भाजी दुसरीच्या पोळीत, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

आता दुसरीतल्या पोरांना वाचता येत नाही ही गोष्ट त्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळे तिच्यावर छान पांघरूण घालून बसले होते. मुलं वाचतायत असं दिसायचं, हो. पुस्तक उघडायची, ओळीवर बोट ठेवायची आणि धडा घडाघडा म्हणून दाखवायची. एकदा प्रमोदिनीने एकाचं पुस्तक हळूच दुसऱ्याच पानावर उलटलं. पानावर उंटाचं चित्र, पोरगं मात्र फुलपाखराची कविता म्हणत राहिलं, आणि बोटही शहाण्यासारखं पुढे सरकत राहिलं. वर्ग तोंडपाठ म्हणत होता आणि मास्तरलोक त्याला वाचन म्हणत होते. प्रमोदिनी त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. मुलांचा राग आला नव्हता तिला, स्वतःचा आला होता.

मग तिने बडे सरांच्या मागे लागून पहिला तास मागून घेतला. त्या तासाला पहिली, दुसरी, तिसरी असं काही नाही. ज्याला जे येतं त्याप्रमाणे बसायचं. अक्षरं न येणारे खिडकीपाशी, शब्दावर आलेले मधे, गोष्ट वाचणारे दाराशी. अक्षर जमलं की पोरगं आपलं बस्कर उचलून मधे जाऊन बसायचं, आणि त्या दोन पावलांचा त्याला कोण तोरा! गणिताला चिंचोके. दहा-दहा चिंचोक्यांच्या चिंध्यांत बांधलेल्या पुरचुंड्या. बेचाळीसमधून सतरा घालवा म्हटलं की पोरं पस्तीस लिहायची, कारण दोनातून सात जात नाहीत तर सातातून दोन घालवून टाका, हिशेब तर झाला नं! पण हातात चार पुरचुंड्या आणि दोन सुटे चिंचोके दिले, सतरा दे म्हटलं, की पोरगं दोन सुट्यांकडे बघायचं, मग पुरचुंडीकडे बघायचं, आणि आपसूक गाठ सोडायचं. ती गाठ सुटताना बघायला प्रमोदिनीला फार आवडायचं. चिंचोके विनतानेच दिले होते, भरणी भरून. पुरचुंड्याही दोघींनी विनताच्या ओट्यावर बसून बांधल्या होत्या.

हा तास भोपाळच्या एका संस्थेच्या नजरेत आला. त्यांचे एक साहेब आले, बघून खूष झाले आणि म्हणाले, आम्ही याची नीट तपासणी करू. आत्ता मुलांची एक परीक्षा, वर्षअखेरीस दुसरी. मुलं पुढे गेलेली दिसली तर हा तास कायमचा, आणि आजूबाजूच्या शाळांतही सुरू करू. नाही दिसली तर बंद. ज्याने त्याने आपापल्या वर्गात जाऊन बसायचं. म्हणजे वाचता न येणाऱ्यांनी पुन्हा मागच्या भिंतीशी, हे साहेबांनी सांगितलं नाही, पण प्रमोदिनीला ते सांगायची गरज नव्हती. तिने पोरांना तासाला उभं राहून सांगितलं, "यह घंटा तुम्हारा है. इसे कोई बंद नहीं करेगा." पोरांनी ते चिंचोक्यांइतकंच खरं मानलं.

पहिली परीक्षा शारदीय नवरात्रात आली. वर्गाच्या बाईने खोलीत थांबायचं नाही असा संस्थेचा नियम, आणि त्याच दिवसांत प्रमोदिनीला शहरात सदर भागात प्रशिक्षणाला बोलावलेलं.

"तू जा बरं निश्चिंत," विनता म्हणाली. "मी आहे नं. तुझ्या पोरांना मी पाहून घेईन."

"पाहायचं काही नाही गं. आहेत तसे बसव. आत्ता त्यांना येतच नाही, ते कागदावर यायला हवं. तेव्हाच तर पुढचं दिसेल."

"अच्छा, अच्छा. तू काहून इतकं टेन्शन घेऊन राहिली?"

परत आल्यावर प्रमोदिनीने विचारलं, तर विनता म्हणाली, झालं सगळं व्यवस्थित. निकाल थेट भोपाळला गेला. वर्ष संपेपर्यंत उघडायचा नाही असं ठरलेलं. बोलता बोलता विनताने हेही सांगितलं की या वर्षी तिने कन्याभोजन षष्ठीलाच उरकून टाकलं. जबलपुरात राहून राहून आपल्याकडच्या घटस्थापनेला इथल्या हलवा-पुरीची जोड मिळालेली आहेच. विनताकडे दर नवरात्रात मुलींचे पाय धुऊन त्यांना जेवू घालायचं व्रत होतं.

"षष्ठीला? अष्टमी सोडून?"

"अष्टमीला पोरी भेटतात कुठे? एकेक पोरगी सकाळपासून पाच घरी जेवून राहते. पोट टम्म, पुरीला हात लावत नाही. षष्ठीला कशा उपाशी होत्या, मनसोक्त जेवल्या."

यात खोटं काहीच नव्हतं. अष्टमीला कन्यांची ओढाताण असतेच. लोक गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दुसऱ्याच्या घरी निघालेल्या पोरी वळवून नेतात. प्रमोदिनी हसली आणि विसरून गेली.

त्या वर्षी तिने जे केलं ते सुकरतीसाठी केलं म्हटलं तरी चालेल. सुकरती मंडल्याकडच्या मजुरांची पोर. नव्या कॉलनीत बंगले उठत होते, आई तिथे विटा वाहायची. नाव दुसरीत, पण अक्षर एकही नाही, आणि वर्गात तोंड उघडायची नाही. दिवाळीनंतर एक दिवस तिने खिडकीपाशी बसून 'म' ओळखला. पाण्याच्या टाकीवरचा 'म', दाराच्या पाटीवरचा 'म', प्रमोदिनीच्या पर्सवरचा 'म'. दिवसभर पोरगी शाळेत 'म' शोधत फिरत होती. संक्रांतीपर्यंत ती मधल्या रांगेत आली. होळीच्या महिनाभर आधी एका सकाळी बस्कर उचलून दाराशी, गोष्टवाल्यांत जाऊन बसली, कोणाला न विचारता. प्रमोदिनीने तिच्यापुढे न पाहिलेली गोष्ट ठेवली. सुकरतीने अडखळत, थुंकी गिळत, मधे दोनदा मागे येऊन, पण शेवटपर्यंत वाचली. बोट जिथे, तोंड तिथे. प्रमोदिनी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण डोळे भरून आलेले पोरांना दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ती उन्हातान्हात बांधकामावरच्या झोपड्यांतून फिरली. कोणी लग्नाला निघालं होतं, कोणाला भाऊ सांभाळायचा होता. एकेकाच्या आईची मनधरणी करून तिने सगळी पोरं हजर राहतील असं पाहिलं. जी पोरं अजून शब्दावरच अडली होती तीसुद्धा, आणि जी आठ-पंधरा दिवसांपूर्वीच कुठूनतरी येऊन दाखल झाली होती तीसुद्धा.

विनताने ते पाहिलं आणि तिचा चेहरा जरा उतरला. "सगळ्यांनाच काहून आणून राहिली? पक्के आहेत तितकेच राहू दे नं."

"पक्के तेवढेच दाखवायचे तर परीक्षा कशाला?"

"तसं नाही गं," विनता म्हणाली, पण कसं ते तिने सांगितलं नाही. तिच्या स्वतःच्या वर्गातली बरीच कच्ची पोरं दुसऱ्या दिवशी गावी गेलेली निघाली.

निकालाला भोपाळचे साहेब आले. बडे सरांच्या खोलीत सगळा स्टाफ बसला, समोसे आले. साहेबांनी भिंतीवर चित्र टाकलं. प्रत्येक वर्गाचे दोन खांब, आधीचा आणि आताचा. तिसरीचा खांब वाढला होता. दुसरीचा खाली आला होता.

"थोड़ी गिरावट है," साहेब सौजन्याने म्हणाले. आधी इतकी मुलं गोष्ट वाचत होती, आता प्रमाण कमी झालंय. बहुधा वर्ग मोडून बसवल्यामुळे मुलं गोंधळली असतील. तिसरी वाढली ती बाईंनी आपल्या वर्गात घेतलेल्या मेहनतीमुळे; वर्ग मोडून बसवणं या शाळेला मानवलं नाही.

प्रमोदिनी उभीच राहिली. "सर, पहले इतने नहीं पढ़ते थे. हो ही नहीं सकता. आधों को अक्षर नहीं आता था."

"मैडम, परीक्षा हमारे लोगों ने ली है."

तेव्हा ती विनताकडे वळली, आणि घाईत, भरल्या खोलीत, मराठीतच म्हणाली, "विनता, तू होतीस नं त्या दिवशी. सांग यांना. सुकरतीला अक्षर तरी येत होतं का?"

सगळ्यांच्या माना विनताकडे वळल्या. विनताने पदर सारखा केला. तिने प्रमोदिनीकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "सर, बच्चों ने तो उस दिन अच्छा ही पढ़ा था."

एवढंच. बडे सरांनी समोशांची प्लेट पुढे सरकवली. पहिला तास बंद झाला. आणि तिसरीचा निकाल इतका चांगला म्हणून आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवायला कोणाला नेमावं, तर विनताला. काय शिकवायचं? अक्षरं, शब्द, गोष्ट, आणि चिंचोक्यांच्या पुरचुंड्या. साहेबांना तिसरीत पुरचुंड्या दिसल्या होत्या, त्या कुठून आल्या हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि विनताला सांगायचं सुचलं नाही.

खरं सांगायचं तर प्रमोदिनीला तेव्हाही विनताचा संशय आला नाही. तिला स्वतःचाच आला. कदाचित पोरांना येत होतं आणि मीच आंधळी होते. कदाचित मीच त्यांचं होतं ते घालवलं. ती रात्रंदिवस हेच उगाळत बसली. नवरा, रत्नाकर, म्हणाला, अगं तू डोळ्यांनी पाहिलंयस ना, तर त्याच्यावरच ओरडली. सकाळी विनताच्या फाटकात स्कूटर लावली की विनता चहा पुढे करायची, पाठीवरून हात फिरवायची. "मनाला नको लावून घेऊ. तू तर जीव तोडून केलं नं. होते कधी कधी असं." आणि प्रमोदिनी त्या हाताखाली लहान पोरीसारखी रडायची. शाळेत सुकरती पुन्हा दुसरीच्या रांगेत बसली होती. पहिल्या दिवशी तिने बस्कर उचललं, दाराकडे गेली, तिथे कोणी नाही असं पाहून उभी राहिली आणि परत आली. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रमोदिनीला वाटलं.

चैत्राच्या नवरात्रात अष्टमीला विनताने कन्या बोलावल्या. यंदा अष्टमीलाच. नेहमीप्रमाणे प्रमोदिनी पुऱ्या तळायला गेली. विनताच्या सासूबाई देवघरात, विनता ओट्यावर पाट मांडत होती. पोरी येऊ लागल्या होत्या. सुकरती वाट वाकडी करून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आपल्या बाईंना बघून आत शिरली. शाळेबाहेर ती बरीच बोलकी होती.

"हलवा बना है?"

"बना है. बैठ."

"पिछली बार इत्ता सारा था. हमने दो बार लिया. चंदू ने तीन बार."

"कौन चंदू?" प्रमोदिनीने झारा हलवत विचारलं. "अपना दूसरीवाला? वो तो लड़का है."

"सब लंगूर बन के आए थे," सुकरती खुदकन हसली. कन्यांबरोबर एखादा मुलगा लंगूर म्हणून जेवतो, ती इथली रीतच आहे. पण सगळेच? प्रमोदिनीचा झारा थांबला.

"कब आए थे, बेटा?"

"वो, जब परीक्षावाले भैया आए थे. मैडम ने क्लास में कहा, जिसको पढ़ना नहीं आता हाथ उठाओ, चलो, हलवा-पूड़ी. चंदू को पढ़ना आता था, उसने झूठ्ठे उठाया. पूड़ी के लिए." तिला ती चंदूची लबाडी आठवून अजूनही मजा वाटत होती. "मैडम ने हमारे पैर भी धोए थे."

कढईतली पुरी लाल झाली, मग काळी. प्रमोदिनीने गॅस बंद केला. सुकरतीला म्हणाली, जा, ओट्यावर जाऊन बस. मग विनता कोमट पाण्याचं पातेलं न्यायला आत येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"जळलं काय गं काही?"

"षष्ठीला तू माझी पोरं जेवायला बसवलीस," प्रमोदिनी म्हणाली. "वाचता न येणारी वेचून. आणि तिकडे परीक्षेला वाचणारी तेवढी."

विनताने पातेलं खाली ठेवलं. तिने नाही म्हटलं नाही, एवढं तिचं मान्य करायला हवं. "तुझ्यासाठीच केलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "बाहेरचे लोक आले, तू नाही, आणि तुझ्या वर्गातलं पोरगं 'अ' पाहून गप्प उभं राहते, बरं दिसलं असतं? दोघीच मराठी आपण. तुझी बदनामी झाली असती. आपल्या घरी पाहुणे आले तर फाटकी गादी नाही का आपण आत ढकलत? मला काय माहीत, आधीचं इतकं पाहतात ते."

"तुला सांगून गेले होते, आहेत तसे बसव."

"हो, चुकलं. पण मन साफ होतं माझं."

"ते धरलं," प्रमोदिनी म्हणाली. "षष्ठीचं धरलं माझ्यासाठी केलंस. मग त्या खोलीत कोणासाठी गप्प बसलीस? मी तुला नावाने हाक मारून विचारलं, विनता."

विनताने कढईतली जळकी पुरी झाऱ्याने बाजूला काढली. बाहेर पोरींची कुजबूज आणि सासूबाईंची घंटी चालू होती.

"आणि मग रोज मला चहा दिलास. मी रडत होते, मीच पोरांचं वाटोळं केलं म्हणून, आणि तू पाठीवर हात फिरवत होतीस. तुला ठाऊक होतं."

"तेव्हा बोलली असती तर माझी नोकरी राहिली असती का? सांग बरं. दोन पोरी आहेत मला." विनताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज ताठ झाला. "आता सगळं पार पडलं. मला ट्रेनिंगचं भेटलं तर मी तुझंच शिकवून राहिली नं, शाळा-शाळांत? तुझंच काम चालू आहे. नाव कोणाचं का असेना."

"उद्या भोपाळला फोन कर. सांग त्यांना. पोरांचा तास परत मिळेल."

"नाही होत माझ्याने."

प्रमोदिनीला वाटलं होतं आपण आता ओरडू, ताटं फेकू. तसलं काही झालं नाही. तिच्या मनात एकच आलं, की या बाईशी मराठीत बोलायला आता आपल्याजवळ काही उरलेलं नाही. तिने पातेलं उचललं आणि विनताच्या हातात दिलं.

"विनता मैडम," ती म्हणाली, "पानी ठंडा हो रहा है. बच्चियाँ बैठी हैं."

थोबाडीत मारली असती तर विनताला इतकं लागलं नसतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रमोदिनी तिच्याशी हिंदीत बोलली होती, आणि 'मैडम' म्हणाली होती.

ती बाहेर गेली. पहिल्याच पाटावर सुकरती बसली होती, पाय परातीत सोडून. विनता खाली बसली, तिने पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, पदराने पुसू लागली. सासूबाई जवळ फुलं घेऊन उभ्या. प्रमोदिनी पर्स घेऊन दारात आली होती, जायला निघालेली.

सुकरतीने इकडेतिकडे पाहिलं. पाटांवर पोरी बसल्या होत्या, काही अजून अक्षरांवरच अडलेल्या, काही तिच्यासारख्या गोष्टीपर्यंत पोचलेल्या. तिला काहीतरी जुळत नव्हतं. ती विनताच्या डोक्याकडे बघत, अगदी साधेपणाने म्हणाली,

"मैडम, अब तो हमको पढ़ना आता है. फिर काहे बुलाए?"

सासूबाईंना काही कळलं नाही, त्या हसल्या. प्रमोदिनी दारातच थांबली. तिलाही उत्तर ऐकायचं होतं. विनता मान खाली घालून तोच पाय पुसत राहिली, आणि पाय केव्हाच कोरडा झाला होता.